हूटर वाजला, कोणी हललं नाही : ‘ऑफ’ या शब्दाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या परिसरातल्या एका औद्योगिक वसाहतीत फळप्रक्रियेचा हा कारखाना आहे. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातली संत्री इथे येतात. त्यांचा रस आणि गर काढून ड्रममध्ये भरतात, गोठवतात आणि शीतगृहात ठेवतात. अंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे यायला लागली की तीन पाळ्या सुरू होतात आणि ठेकेदाराकडून माणसं वाढवली जातात. त्यात भंडारा-गोंदियाची असतात, तशीच छिंदवाडा-बालाघाटकडचीही. कुणाची झाडीबोली, कुणाचं वऱ्हाडी वळण, कुणाची हिंदी. इंग्रजी वाचणारे मोजकेच. कारखान्याचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

गोठवण्यासाठी इथे अमोनिया वापरतात. मोठ्या शीतगृहांत तो सर्रास असतो, कारण उष्णता चांगली ओढून घेतो आणि स्वस्त पडतो. पण तो विषारी आहे. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांनाच उकळतो, त्यामुळे पाइपातून बाहेर पडला की लगेच त्याची वाफ होते. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया झाला तर ती जागा जिवाला तात्काळ धोक्याची मानतात. त्याचा उग्र वास याच्या कितीतरी आधी नाकाला झोंबतो, हे खरं. पण रोज थोडा थोडा वास येणाऱ्या ठिकाणी नाक निर्ढावतं. शिवाय हा वायू हवेपेक्षा हलका असला तरी गळतीच्या वेळी थंडगार पांढरं धुकं होऊन जमिनीलगत पसरू शकतो. म्हणून नाकावर विसंबून चालत नाही. वायू ओळखणारी यंत्रं भिंतीवर असतात आणि ठरावीक पातळी ओलांडली की हूटर वाजतो.

हूटर वाजल्यावर काय करायचं, ते एका पुस्तिकेत आणि ठिकठिकाणच्या बोर्डांवर लिहिलेलं होतं. मूळ मजकूर यंत्र पुरवणाऱ्यांचा, इंग्रजीत. त्याचं मराठी, बोर्ड छापणाऱ्याकडूनच छपाईसकट करून घेतलं होतं. नागपुरात काय, महाराष्ट्रात कुठेही ही पद्धत नवी नाही. बोर्डाचे पैसे चौरस फुटावर ठरतात आणि भाषांतर त्यातच ‘करून’ मिळतं.

घटना

हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. रात्रपाळीत आगाऊ न सांगता मॉक ड्रिल घ्यायची ठरली. सेफ्टी ऑफिसरनी निरीक्षक म्हणून एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. नागपुरात १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, त्यामुळे असा जाणकार शोधायला लांब जावं लागत नाही.

हूटर वाजवला. फळं निवडणाऱ्या बायांनी माना वर केल्या, एकमेकींकडे पाहिलं. एकीने ओल्या मोज्याचा हात कानावर धरला आणि दुसऱ्या हाताने डागी संत्रं बाजूला काढणं चालूच ठेवलं. पट्टा फिरत होता. ड्रम भरणाऱ्यांपैकी दोघं दारापर्यंत गेले, बाहेर डोकावले आणि परत आले. एकटे पाळीचे सुपरवायझर केबिनमधून निघून असेंब्ली पॉइंटला जाऊन उभे राहिले. त्यांचं प्रशिक्षण इंग्रजीत झालं होतं.

बराच वेळ वाट पाहून सेफ्टी ऑफिसरनी पॅनेलवरून हूटर थांबवला. आणि मग, शांतता झाल्याबरोबर, कॉम्प्रेसर रूमच्या वयस्क ऑपरेटरनी पट्ट्याचा स्विच दाबला, मोजे काढले, हात वर करून खूण केली. ज्यांना सगळे ‘काका’ म्हणतात ते हे ऑपरेटर. सगळी पाळी रांगेने बाहेर पडली. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. असेंब्ली पॉइंटला हजेरी लागली, एकही माणूस कमी नव्हता.

इतक्या शिस्तीत बाहेर पडलेली पाळी फारशी पाहिली नाही, असं निरीक्षक नंतर म्हणाले. फक्त खरी गळती असती तर हूटर थांबेपर्यंत सगळे त्या धुक्यात उभे असते.

पहिला निर्णय : मेमो की प्रश्न?

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. हूटर वाजतोय आणि काम चालू आहे, म्हणजे बेफिकिरी. सकाळी एचआरने कारणे दाखवा मेमोंची यादी करायला घेतली, त्यात काकांचं नाव सगळ्यात वर. तेवढ्या मोठ्या आवाजाकडे तेवढ्या माणसांनी एकाच वेळी दुर्लक्ष केलं, आणि तो आवाज थांबताच तीच माणसं एका खुणेवर उठली, ही गोष्ट बेफिकिरीत बसत नाही, हे निरीक्षकांच्या लक्षात आलं. मेमो निघायच्या आत त्यांनी काकांना बोलावून फक्त एवढंच विचारलं, ‘‘काका, हूटर वाजत होता तेव्हा तुम्ही काय समजलात?’’

‘‘समजाचं काय त्याच्यात साहेब? बोर्डावर जसं लिवलं हाये तसंच केलं आमी. अलार्म बंद झाला तं बाहेर पडाचं. वाजून राहिला होता तोवर काम करत होतो.’’

बोर्ड पाहिला. लिहिलं होतं : ‘अलार्म बंद झाल्यास सर्वांनी तातडीने बाहेर पडून असेंब्ली पॉइंटला जमावे.’ इंग्रजीत होतं, ‘इफ द अलार्म गोज ऑफ’. म्हणजे अलार्म वाजायला लागला तर.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण मला हाच वाटतो. प्रश्न मेमोच्या आधी विचारला गेला. मेमो आधी निघाले असते तर काकांनी उत्तरात ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही’ असं लिहून दिलं असतं, सगळ्यांनी तेच उतरवलं असतं आणि बोर्ड तसाच भिंतीवर राहिला असता.

कुणालाच शंका का आली नाही?

मला हा मजकूर तपासायला बोलावलं तेव्हा सांगितलं होतं, एक ओळ सुधारून द्या. पण ओळ चुकण्यापेक्षा ती इतके महिने कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही, हे मला जास्त गंभीर वाटलं. म्हणून आधी कामगारांशी बोललो.

काकांकडे पूर्ण उत्तर तयार होतं. अलार्म म्हणजे राखणदार. राखणदार जागा आहे तोवर कामाला हरकत नाही. तोच बंद पडला तर आपल्याला कळणार कसं, म्हणून बाहेर पडायचं. ऐकताना वाटतं, यात चुकीचं काय आहे? चुकीच्या वाक्याला त्यांनी आपल्या अनुभवातून चांगलं कारण शोधून दिलं होतं. ज्याला आपण वेडेपणाची सूचना म्हणू, तीही वरून आली की माणूस तिला अर्थ लावून घेतो.

दुसरं कारण कारखान्याच्या आवाजात होतं. शीतगृहाचं दार जास्त वेळ उघडं राहिलं तर बझर वाजतो. पट्टा अडकला तर वाजतो. फोर्कलिफ्ट मागे घेताना वाजते. दिवसभर काही ना काही वाजत असतं आणि काम चालू असतं. ‘वाजणं म्हणजे नेहमीचं’ हे त्यांना रोजच्या कामानेच शिकवलं होतं.

आणि ‘ऑफ’ हा शब्द? तो कुणाला माहीत नाही? पंख्याच्या बटणावर ऑफ आहे, मोटारपंपाच्या स्टार्टरवर आहे, ‘आज माझी ड्युटी ऑफ आहे’ हे तर बोलण्यातलंच आहे. बोर्ड छापणाऱ्याकडे बसून ज्याने भाषांतर केलं त्यालाही तो माहीत होता. पुस्तिकेतले अवघड शब्द त्याने बरोबर लिहिले होते. बाष्पीभवन, दाबमुक्ती झडप, श्वसनसंच, सगळं शोधून, विचारून केलेलं दिसतं. चुका सापडल्या त्या जवळजवळ सगळ्या सगळ्यात लहान शब्दांत. अवघड शब्दापाशी माणूस थांबतो, कोश उघडतो. ‘ऑफ’पाशी कोण थांबणार?

‘ऑफ’ उलटा कसा फिरतो

हे व्यवस्थापनाला समजावून सांगणं गरजेचं होतं, कारण त्यांच्या मनात ‘भाषांतर करणारा मूर्ख निघाला’ एवढंच होतं आणि उपाय म्हणून ‘दुसरा भाषांतरकार आणा’.

इंग्रजीतले ‘ऑफ’ आणि ‘चा-ची-चे’ दाखवणारं त्याचं जुळं, हे मुळात एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं. मूळ अर्थ ‘पासून दूर, सुटून’. जोर देऊन उच्चारलेलं रूप ‘दूर’ या अर्थाने वेगळं निघालं आणि सतराव्या शतकापर्यंत दोघांचं लेखनही वेगळं स्थिरावलं. म्हणजे ‘ऑफ’च्या पोटात मुळात ‘बंद’ नाहीच, ‘सुटणं’ आहे. दिव्याचा वीजप्रवाहाशी संबंध सुटला की दिवा ऑफ. बंदुकीचा चाप ओढला की अडकवून ठेवलेला घोडा सुटतो आणि बार होतो, म्हणून बंदूकही ‘गोज ऑफ’. चावीच्या गजरात स्प्रिंग ताणून अडकवलेली असते. वेळ झाली की खिटी सुटते आणि हातोडी घंटेवर नाचू लागते. तोही ‘गोज ऑफ’. एकात संबंध सुटल्यामुळे गोष्ट थांबते, दुसऱ्यात अडसर सुटल्यामुळे ती सुरू होते.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपलं ‘सुटणं’ अगदी असंच वागतं. वारा सुटला म्हणजे वाहू लागला, नळाला पाणी सुटलं म्हणजे आलं, घाम सुटला म्हणजे फुटला. पण शाळा सुटली म्हणजे संपली, नोकरी सुटली म्हणजे गेली, तंबाखू सुटली म्हणजे थांबली. उद्या कुणी परदेशी माणूस ‘शाळा सुटली’वरून शिकून ‘वारा सुटला’चं भाषांतर ‘वारा थांबला’ असं करेल आणि त्याच्या दृष्टीने ते बिनचूक असेल. आपल्याला मात्र शंकाही येत नाही, कारण आपण ‘सुटणं’ एकटं ऐकत नाही, ‘वारा’ आणि ‘शाळा’ यांच्यासकट ऐकतो.

हे उदाहरण दिल्यावर प्लांट मॅनेजरांचा सूर बदलला. ‘‘म्हणजे ही चूक कोणीही केली असती,’’ ते म्हणाले. आणि मग त्यांनीच विचारलं, ‘‘मग पुस्तिकेत आणखी किती ऑफ आहेत?’’

पुस्तिकेत सापडलेलं

पुष्कळ होते. काही ठिकाणी भाषांतर बरोबरच होतं : ‘शट ऑफ द व्हॉल्व्ह’ म्हणजे झडप बंद करा, यात वाद नाही. ‘टेक ऑफ ग्लव्ह्ज’ला ‘हातमोजे काढा’ लिहिलं होतं, तेही ठीक.

पाइपांच्या रॅकजवळ इंग्रजी पाटी ‘कीप ऑफ’ म्हणत होती, म्हणजे वर चढू नका, पाय देऊ नका. मराठीत झालं होतं, ‘पाइप रॅक बंद ठेवा’. रॅक बंद ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे कुणालाच कळलं नव्हतं. त्यामुळे वरचा दिवा बदलायला मुलं त्याच पाइपांवर पाय देऊन चढत. त्या पाइपांतून अमोनिया जातो.

गुणवत्तेच्या पानावर होतं, ‘गॉन ऑफ’ झालेला गर टाकून द्या. आंबलेला, वास मारणारा, असा तिथे अर्थ. छापलं होतं, ‘बंद झालेला गर टाकून द्यावा’. एका बाईंनी खरंच विचारलं होतं की सील बंद ड्रम टाकायचे का. सुपरवायझरांनी ‘ते सोड तू’ म्हणून विषय संपवला. ही खूण तेव्हाच पकडता आली असती.

आणि सगळ्यात भयंकर होती ती गळती दिसल्यावरची सूचना. इंग्रजीत, ‘सेट ऑफ द अलार्म’. म्हणजे अलार्म वाजवा. त्याच पानावर खाली, सगळं सुरक्षित झाल्याची खात्री पटल्यावर ‘टर्न ऑफ द अलार्म’. म्हणजे थांबवा. मराठीत दोन्ही ठिकाणी अक्षरशः एकच वाक्य होतं : ‘अलार्म बंद करा’. गळती पाहणाऱ्या पहिल्या माणसाला पुस्तिका सांगत होती, अलार्म बंद कर. हे वाचलं तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मॅनेजरांनी पान स्वतःकडे ओढून दोनदा वाचलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, ती एक ओळ बदलून नवे बोर्ड लावणं. स्वस्त आणि झटपट. दुसरी पानं पाहिल्यावर तो आपोआप बाद झाला.

दुसरा, मजकूर काढून फक्त चित्रं लावणं. मॅनेजरांचा कल याकडे होता आणि त्यात तथ्यही आहे, कारण माणसं तीन बोलींची आहेत. चित्रं कँटीनमध्ये दाखवून पाहिली. घंटा, तिच्याभोवती आवाजाच्या रेषा आणि धावणारा माणूस, हे सगळ्यांना कळलं. पण काटा मारलेल्या घंटेचं चित्र पाहून कुणी म्हणालं ‘घंटी खराब हाये’, कुणी म्हणालं ‘वाजवू नका’. चित्रालाही आपला ‘ऑफ’ असतो. शिवाय वारा कुठून आहे ते पाहून कोणत्या बाजूने निघायचं, हे चित्रात मावेना.

तिसरा, संपूर्ण पुस्तिका चांगल्या भाषांतरकाराकडून नव्याने करून घेणं. मला स्वतःला हा पर्याय अपुरा वाटला. भाषांतरकार कितीही चांगला असला तरी तो इंग्रजी वाक्याशी इमान राखणार. इथे गरज होती ती रात्री दोन वाजता, कानात कापूस घातलेल्या, थकलेल्या माणसाला एका वाचनात कळेल अशा वाक्याची.

चौथा, मजकूर कामगारांसोबत बसून मराठीत मुळापासून लिहिणं, तांत्रिक बाजू निरीक्षकांकडून तपासून घेणं, आणि वाक्य कळलं का याची परीक्षा त्यांच्या कृतीवर घेणं. वेळ लागणार होता, हंगाम ऐन भरात होता, माणसं कामावरून उठवावी लागणार होती. शेवटी हाच स्वीकारला, चित्रं सोबतीला ठेवून.

काय केलं

जुन्या बोर्डांचं काय करायचं, यावर आधी अडलं. ग्राहक कंपनीची तपासणी तोंडावर होती आणि ‘बोर्ड नाही’ असा शेरा नको होता. पुढच्या दोन पाळ्या ते बोर्ड तसेच राहिले. नंतर निरीक्षकांनी, चुकीचा बोर्ड हा बोर्ड नसण्यापेक्षा वाईट, असं बजावलं तेव्हा त्यांवर कागद चिकटवले आणि प्रत्येक पाळीला गेटवरच तोंडी सांगायला सुरुवात झाली : हूटर वाजला की बाहेर.

मग कँटीनमधल्या बैठका. निवड-पट्ट्यावरच्या बाया, ऑपरेटर, ठेकेदाराचे मुकादम. ‘‘समजलं का?’’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत बाद केला, कारण त्याला उत्तर एकच मिळतं, ‘‘हो साहेब.’’ त्याऐवजी वाक्य वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘‘ताई, आता तुम्ही काय कराल? उठून दाखवा.’’ पहिल्यांदा हसू आलं सगळ्यांना, मग उठून दाखवू लागले.

‘अलार्म’ हा शब्द त्यांनीच उडवला. तो बझरलाही लागतो आणि मोबाइलच्या गजरालाही. या एका आवाजाला सगळे ‘हूटर’ म्हणतात, तोच ठेवला. काकांनी ‘भोंगा’ सुचवला होता. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीच्या आठवणी त्यांच्या घरात आहेत. पण भोंगा झाला की गिरणीत पाळी बदलायची, म्हणजे त्या शब्दाला कामाच्या वेळेचा अर्थ आधीच चिकटलेला. तरुण मुलांनी तो नाकारला आणि काकांनी ते मान्य केलं.

एक नियमही ठरला. हूटर फक्त ‘वाजतो’ आणि ‘थांबतो’. तो ‘बंद’ होत नाही, ‘चालू’ होत नाही. ‘बंद’ हा शब्द झडप, स्विच आणि दार यांच्यापुरता. बोर्डावर शेवटी हे आलं :

‘हूटर वाजला की हातातलं काम सोडा. बाहेर पडा. वाऱ्याची पिशवी बघा. धूर किंवा वास ज्या बाजूला चालला आहे त्या बाजूला जाऊ नका, आडवे निघा. हूटर थांबला तरी आत जाऊ नका. नाव पुकारलं जाईल, सुपरवायझर सांगतील तेव्हाच आत.’

‘हूटर थांबला तरी’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतं. गोंदियाकडच्या एका मुलीने विचारलं, ‘‘पहिले थांबल्यावर बाहेर पडत होतो, आता थांबल्यावर काय करायचं?’’ जुनी सवय उलटवताना ती अर्धीच उलटवली तर थांबणं म्हणजे ‘परत या’ असा अर्थ लागणारच होता. तिच्या प्रश्नाने तो धोका टळला.

गळती दिसणाऱ्यासाठी वेगळं, मोठ्या अक्षरांत : ‘गळती दिसली? लाल बटण दाबा. हूटर वाजेल.’ ‘अलार्म वाजवा’ असं न म्हणता हाताने काय करायचं ते सांगितलं. हिंदीतला बोर्ड मराठीवरून न करता छिंदवाड्याच्या मुलांसोबत बसून वेगळा लिहिला. पाइप रॅकला ‘पाइपावर पाय देऊ नका. आत अमोनिया आहे’, आणि गराच्या पानावर ‘आंबलेला किंवा वास येणारा गर’.

मेमो मागे घेतले. ते निघालेच नव्हते, पण नावांची यादी झाली होती आणि ती कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. प्लांट मॅनेजरांनी पाळी सुरू होताना सर्वांसमोर सांगितलं की लोकांनी सूचना तंतोतंत पाळली, सूचनाच चुकली होती. हे कागदावर न ठेवता तोंडाने, सगळ्यांसमोर सांगणं फार महत्त्वाचं होतं. नंतरच्या बैठकांत माणसं जी मोकळी बोलली ती त्यामुळेच.

निष्पत्ती

पुढची ड्रिल दुसऱ्या पाळीत, न सांगता घेतली. निवड-पट्टा आणि भरणी विभाग लगेच बाहेर. गेटजवळच्या वाऱ्याच्या पिशवीकडे बायांनी बोट दाखवलं आणि नेहमीच्या वाटेऐवजी सायकल स्टँडच्या बाजूने वळल्या. हूटर थांबल्यावर कुणीही आत गेलं नाही.

हजेरीत मात्र चार जण कमी होते. ते गोठवण्याच्या खोलीत सापडले, निवांत काम करत. तिथल्या पंख्यांच्या घरघरीत, कानटोप्या घातलेल्या त्यांना हूटर ऐकूच आला नव्हता. आधीच्या ड्रिलमध्ये हे कळलं नसतं, कारण तेव्हा ऐकू आलेलेही आत होते आणि न आलेलेही. शब्दाची चूक दूर झाल्यावर तिच्या मागे दडलेली यंत्रणेची उणीव उघडी पडली.

वेगळं काय करता आलं असतं

बोर्ड त्या रात्रीच झाकायला हवे होते. दोन पाळ्या ते भिंतीवर राहिले, हे मला आजही पटत नाही. तपासणीच्या शेऱ्याची भीती समजू शकते, पण त्या दोन पाळ्यांत गळती झाली असती तर शेऱ्याची कुणी पर्वा केली नसती. आधीच्या तपासण्यांत हेच बोर्ड ‘मराठीत सूचना आहेत’ म्हणून पास झाले होते. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम १०८ सांगत होतं की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. तपासणारे भाषा पाहतात. समजणं पाहायचं तर बोर्डाखालच्या एखाद्या माणसाला विचारावं लागतं, आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

‘सील बंद ड्रम टाकायचे का?’ या प्रश्नाला सुपरवायझरांनी झटकलं नसतं तर हे प्रकरण एका ड्रमवरच मिटलं असतं. विचित्र प्रश्न आला की मजकूर तपासायचा, ही सवय सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात घालायला मी सांगितलं आहे. ती अजून पूर्ण रुजलेली नाही.

आणि भाषांतराची ऑर्डर छपाईपासून वेगळी काढायला हवी होती. आता खरेदी विभागाने ती वेगळी केली आहे. मजकूर पक्का झाल्यावर तो इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घेतात, आणि ज्या वाक्यात ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘ओव्हर’ असे लहान शब्द आले आहेत ती वाक्यं आधी खूण करून ठेवतात.

सध्या

गोठवण्याच्या खोलीत फिरता लाल दिवा बसवला आहे आणि तो हूटरला जोडला आहे. आत काम करणाऱ्यांच्या सूचनेत ‘हूटर वाजला की’च्या जागी ‘लाल दिवा फिरू लागला की’ असं आलं. मृग बहाराच्या वेळी ठेकेदाराची नवी तुकडी आली, तेव्हापासून पहिल्या दिवशीच्या हजेरीतच तीन प्रश्न विचारतात : हूटर वाजला तर काय कराल, गळती दिसली तर काय कराल, हूटर थांबला तर काय कराल. तिसरा प्रश्न अजूनही सगळ्यात जास्त चुकतो. म्हणून सेफ्टी ऑफिसर आता तोच सगळ्यात आधी विचारतात.